दातांत अडकलेला कीस : दर्यापूर तालुक्यातील एका बँडसॉचे प्रकरण

हे प्रकरण दर्यापूर तालुक्यातील एका लहान वर्कशॉपचे आहे. पत्र्याच्या शेडमधील या वर्कशॉपच्या भिंतीला लागूनच एक जिनिंग कारखाना (कापसातून सरकी वेगळी काढून रुई करणारा) असून, त्या व आसपासच्या जिनिंगांमधून येणारे रोलरचे शाफ्ट, बेअरिंगची घरे आणि कन्व्हेअरचे सुटे भाग हे येथील मुख्य काम आहे. हंगाम नसताना रोटाव्हेटर, पेरणीयंत्रे आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे अ‍ॅक्सल यांवर वर्कशॉप चालते. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल, वेल्डिंगचा कोपरा आणि लोखंडी राऊंड, म्हणजे गोल सळ्या, कापण्यासाठी एक अर्धस्वयंचलित बँडसॉ (दोन चाकांवरून पट्ट्यासारखे फिरणाऱ्या दातेरी ब्लेडची करवत) एवढीच यंत्रसामग्री आहे. मालक स्वतः टर्नर आहेत. बँडसॉवर गेली कित्येक वर्षे एकच ऑपरेटर आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात, आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा आहे. मी आयटीआयमध्ये यंत्रकाम शिकवत होतो व मालक माझे जुने विद्यार्थी, एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध.

मला निरोप आला तो दिवाळीनंतर, जिनिंग रात्रंदिवस सुरू झाल्यावर. तक्रार अशी की जे ब्लेड पूर्वी तीन-चार आठवडे टिकत असे, ते आता चार-पाच दिवसांत निकामी होते. कधी एका जागचे पाच-सहा दात उडतात, कधी ब्लेड मधूनच तुटते, आणि न तुटता चाललेच तर छेद तिरपा जातो. १०० मिमीच्या राऊंडमध्ये दोन-अडीच मिमीचा फरक पडतो आणि तो पुढे लेथवर फेसिंग करून, म्हणजे टोक सपाट कापून, काढावा लागतो. ब्लेड अकोल्याहून आणावे लागत असल्यामुळे प्रत्येक तुटलेल्या ब्लेडमागे अर्धा दिवस जात होता. मालकांचे निदान ठरलेले होते. ‘सर, ब्लेडच बेकार येऊन राहिले. दसऱ्याच्या आधी नवा लॉट आणला, तेव्हापासून हे सुरू झालं.’ विक्रेत्याने दोन ब्लेड बदलूनही दिली होती, आणि तीही गेली होती.

यंत्र पाहण्याआधी मी तुटलेली ब्लेड मागितली. हा माझा जुना परिपाठ आहे, कारण यंत्र आपल्याला हवे तसे दाखवता येते, तुटलेला तुकडा मात्र जे झाले तेच दाखवतो. सुदैवाने काकांनी तीन ब्लेड खिळ्याला टांगून ठेवली होती. बहुतेक ठिकाणी ती एव्हाना सुऱ्या-विळे करणाऱ्याकडे गेलेली असतात.

ब्लेड २७ मिमी रुंद, ०.९ मिमी जाड, द्विधातू प्रकारचे होते, म्हणजे पाठ स्प्रिंग स्टीलची आणि दातांची धार तिच्यावर वेल्ड केलेल्या हायस्पीड स्टीलची. दातांची घनता ४/६, म्हणजे इंचाला चार ते सहा दात, आळीपाळीने कमी-जास्त अंतरावर. तिन्ही ब्लेडांवर एकच खूण सापडली. शाबूत दातांमधल्या खाचांत लोखंडाचा कीस घट्ट बसलेला होता आणि काही दातांच्या पुढच्या तोंडावर तो अक्षरशः वेल्ड झाल्यासारखा चिकटला होता. खिळ्याच्या टोकाने खरवडला तरी सहज निघेना. दात उडाले होते ते अशाच दातांच्या लगतचे. याशिवाय ब्लेडच्या बाजूंवर लांबच लांब ओरखडे होते, आणि चाकावर टेकणाऱ्या अंगाला बारीक-बारीक खळगे पडलेले होते, जणू कोणी खिळ्याने ठोकले असावे. एका ब्लेडला खाचेच्या तळापासून भेग सुरू झाली होती. ब्लेडचे पोलाद खराब असते तर दात सर्वत्र सारखेच बोथट झालेले किंवा झडलेले दिसायला हवे होते, वेल्डच्या जोडावर तुटलेले एखादे तरी ब्लेड मिळायला हवे होते. तसे काहीच नव्हते.

दोन दातांमधली ही खाच म्हणजे नुसती मोकळी जागा, असा समज असतो. प्रत्यक्षात ती कीस वाहून नेणारी टोपली आहे. १०० मिमीच्या राऊंडचा छेद सुमारे ७८.५ चौरस सेंमीचा होतो. ब्लेडची वाट दातांच्या सेटसह (दात डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात त्यासह) साधारण दीड मिमीची धरली, तर एका छेदात ९० ग्रॅमहून थोडे अधिक लोखंड कीस होऊन बाहेर यावे लागते, आणि सुट्या किसाची जागा त्या लोखंडाच्या कितीतरी पट असते. दिवसाला तीस छेद झाले तर पावणेतीन किलो. हे सगळे लोखंड केवळ या खाचांमधूनच बाहेर येते, दुसरी वाटच नसते. दात जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या राऊंडमध्ये, शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याने कापलेला कीस खाचेतच गुंडाळून राहतो आणि जॉबच्या बाहेर आल्यावर तो पडणे अपेक्षित असते. पडला नाही, तर तोच दात भरलेली टोपली घेऊन पुन्हा जॉबमध्ये शिरतो. या यंत्राचे ब्लेड सुमारे साडेतीन मीटर लांबीचे आणि वेग मिनिटाला ४५ मीटर, म्हणजे ते मिनिटाला जवळजवळ १३ फेऱ्या मारते. एकच दात पाच सेकंदांच्या आत परत कामावर हजर होतो. भरलेल्या खाचेत नव्या किसाला जागा नसते, तो जॉब आणि दात यांच्यामध्ये दाबला जातो, तापतो, दाताच्या तोंडाला चिकटतो, आणि पुढच्या फेरीत त्या गाठीवर आलेला धक्का दाताच्या मुळाला बसतो.

म्हणूनच छेदातून बाहेर पडणाऱ्या बाजूला, ब्लेड चाकावर चढण्याच्या आधी, तारांचा गोल ब्रश बसवलेला असतो. त्याच्या तारांनी खाचेच्या तळापर्यंत पोहोचून कीस काढायचा आणि मागून कूलंटच्या (ब्लेड थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या) धारेने तो धुऊन न्यायचा, अशी ती व्यवस्था.

येथे माझी चूक नोंदवणे आवश्यक आहे. मी काकांना विचारले, ‘ब्रश फिरतो ना?’ ते म्हणाले, ‘फिरते न, सर.’ मी ते मानले आणि झाकण न उघडता कूलंटकडे वळलो. त्याला कारणही होते. दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग. येथील विहिरी-बोअरचे पाणी खारे आणि जड, डाळ न शिजवणारे. साबणाला फेस येत नाही तेथे कूलंटचे तेल पाण्यात नीट मिसळणार कसे? पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार दुधाळ मिश्रण फोडतात, तेल वर येते, खाली नुसते खारे पाणी उरते आणि त्याने वंगण कमी, गंजच जास्त मिळतो. त्यात उन्हाने पाणी उडते, क्षार मात्र टाकीतच राहतात. वरून पुन्हा तेच पाणी ओतले की क्षारांचे प्रमाण महिन्यागणिक वाढत जाते. टाकीतील मिश्रण मी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवले, तर सकाळी वर पिवळट साय आणि खाली गढूळ पाणी. मला वाटले, चोर सापडला.

टाकी रिकामी करून धुतली, गावातल्या आरओ प्लँटवरून पाण्याच्या कॅन आणल्या आणि नवे मिश्रण केले. त्याच वेळी दुसऱ्या संशयिताचीही चौकशी उरकावी म्हणून मी मालकांना जुन्या लॉटचे एखादे ब्लेड शिल्लक आहे का, असे विचारले. एक निघाले, खोक्यातले, न वापरलेले. नवे कूलंट आणि जुन्या लॉटचे ब्लेड असे दोन बदल एकदम करणे पद्धतीला धरून नव्हते, हे मला ठाऊक होते. परंतु ऐन हंगामात ‘प्रयोग कसले करता, सर?’ म्हणणाऱ्या मालकांकडून त्याहून जास्त सवड मिळणे शक्य नव्हते, आणि अपयश आलेच तर दोन्ही संशयित एकाच वेळी सुटतील, असा माझा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दात उडाले. लॉट सुटला आणि एकटे कूलंटही सुटले.

मग झाकण उघडले. ब्रश होता, पण तो यंत्रासोबत आलेला नव्हता. मूळ ब्रश केव्हाच झिजून गेला होता आणि त्याच्या जागी हँड ग्राइंडरला लावतात तसा, पीळ घातलेल्या जाड तारांचा ब्रश एक बुश घालून बसवला होता. अशा जाड, ताठ तारा ४/६ च्या खाचेत उतरतच नाहीत, त्या दातांच्या टोकांवरून घासत जातात. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रशच्या परिघावर होती. एका ठिकाणी ब्लेडच्या जाडीची खोल चीर पडली होती, आणि बाकी सगळ्या परिघावरच्या तारा कोऱ्या होत्या. फिरणाऱ्या ब्रशला एका जागी चीर पडूच शकत नाही. या यंत्रात ब्रशला वेगळी मोटर नाही, पळते ब्लेडच त्याला आपल्या ओढीने फिरवते. ब्रश थांबला, ब्लेडने त्याला एकाच जागी कापून स्वतःपुरती वाट करून घेतली, आणि त्यानंतर ब्रश खाचेला लागतच नव्हता. काका खोटे बोलले नव्हते. कधीकाळी त्यांनी तो फिरताना पाहिला होता, आणि झाकण बंद असलेल्या गोष्टीविषयी आपण सारे शेवटचे पाहिलेलेच सांगतो.

तो थांबला कशाने? ब्रशच्या दांड्याभोवती तेलकट, करड्या रंगाची एक गुंडाळी होती. मी ती पकडीने ओढली तर हातभर लांब पेळू निघाला. ती रुई होती. शेजारच्या जिनिंगमधून उडणारे बारीक तंतू हंगामात शेडभर तरंगत असतात, कूलंटने ओल्या झालेल्या प्रत्येक वस्तूला चिकटतात आणि फिरणाऱ्या दांड्याभोवती सूतकताईसारखे गुंडाळले जातात. दांड्याचे छोटे बेअरिंग त्यांनी जाम केले होते. हाच तंतू कूलंटच्या पंपाच्या जाळीवरही जाड गादी होऊन बसला होता, त्यामुळे नव्या कूलंटची धारही करंगळीएवढीच येत होती. जिनिंग दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि ब्लेडचा नवा लॉटही दसऱ्याच्या आधीच आलेला. दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या आणि दोष डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर गेला, हवेतल्या तंतूवर गेला नाही.

आता मालकांनी केलेल्या दोन उपायांविषयी, कारण ते सर्रास केले जातात. ब्लेड तुटू लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा टेन्शन वाढवले. ब्लेड तिरपे जात असेल तर ताण वाढवणे एका मर्यादेपर्यंत रास्त आहे, पण येथे कीस ब्लेड आणि चाक यांच्या मध्ये सापडत होता, म्हणून ताण वाढवल्यावर खळगे अधिक खोल झाले. खाचेच्या तळाची ती भेगही मी याच खात्यात टाकतो. दुसरा उपाय अधिक घातक होता. ब्लेडला आराम मिळावा म्हणून फीड, म्हणजे ब्लेड जॉबमध्ये खाली उतरण्याचा वेग, निम्म्यावर आणले गेले, चार मिनिटांचा छेद आठ-नऊ मिनिटांचा झाला. ऐकायला हे समंजसपणाचे वाटते. परंतु फीड फार कमी झाले की दात कापत नाही, घासतो. सुटसुटीत, वळलेल्या चकल्यांऐवजी पीठ निघते. हे पीठ कूलंटच्या सायीत आणि रुईत मिसळून असा लगदा तयार होतो की तो कोणत्याही ब्रशने निघणे कठीण. यंत्राखालच्या ट्रेमधला कीस मी बोटांवर घेतला तेव्हा तो ओल्या राखेसारखा लागला. तेथे सुट्या, चांदीच्या रंगाच्या, हाताला कोमट लागणाऱ्या चकल्या असायला हव्या होत्या. निळ्या, जळक्या चकल्या दिसल्या असत्या तर उलट फीड किंवा वेग फार वाढला आहे, असे मी समजलो असतो. ट्रेमधला कीस रोज एकदा पाहणे हे बँडसॉवरचे सर्वांत स्वस्त तपासणीचे साधन आहे, आणि तरी तो भंगाराच्या पोत्यात न पाहताच भरला जातो.

आणखी एक प्रथा मी पहिल्याच दिवशी बंद करवली. ब्लेड स्वच्छ राहावे म्हणून हाताखालचा मुलगा हातमोजा घालून तारेचा हातब्रश पळत्या ब्लेडवर धरत असे, आणि अधूनमधून कॉम्प्रेसरच्या हवेने कीस उडवत असे. मोज्याचा एक धागा दातात अडकला तरी हात ओढला जातो, हे वेगळे सांगायला नको. हवेने उडालेला कीस मात्र नाहीसा होत नाही, तो ब्लेडला सरळ धरणाऱ्या गाईडच्या फटीत आणि चाकाच्या घरात जाऊन बसतो. ब्लेडच्या बाजूंवरचे ओरखडे गाईडच्या कार्बाईडच्या तुकड्यांमध्ये रुतलेल्या किसाचे होते. तिरप्या छेदाचे निम्मे कारण तेथे होते.

दुरुस्ती एका दिवसात झाली. अमरावतीहून बारीक, नागमोडी तारांचा योग्य मापाचा ब्रश आणला, सोबत एक जादा. बेअरिंग बदलले. ब्रश बसवताना तारांची टोके खाचेच्या तळाला जेमतेम लागतील एवढाच आत घेतला. हौसेने अधिक दाबला तर तारा वाकून मोडतात आणि दातांची धारही विनाकारण झिजते. ब्रशच्या बाजूवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, आणि झाकणाला ठिपका दिसेल एवढे भोक पाडून त्यावर जाळी बसवली. ब्रश फिरतो की नाही, हा प्रश्न आता विचारावा लागत नाही. दोन्ही चाके, गाईड आणि ट्रे डिझेलने धुऊन पुसले. पंपाची जाळी दर पाळीला काढून झटकण्याचे काम त्या मुलाकडे दिले आणि जिनिंगच्या बाजूच्या उघड्या खिडक्यांवर नर्सरीत वापरतात ती हिरवी नेट दुहेरी करून लावली. नेट दर आठवड्याला पांढरी होते, यावरून ती किती अडवते हे कळते.

त्यानंतर तक्रार असलेल्या नव्या लॉटचेच ब्लेड चढवले. नव्या दातांची टोके सुरुवातीला फार तीक्ष्ण आणि म्हणून नाजूक असतात. वेग नेहमीचा ठेवून फीड पहिल्या चार-पाच छेदांना निम्मे ठेवले आणि मग टप्प्याटप्प्याने पूर्ववत केले. फीड कमी ठेवण्याची जागा ही, एवढीच. ते ब्लेड पुढे पाच आठवडे चालले आणि शेवटी दात बोथट झाले म्हणून उतरवले, तुटले म्हणून नव्हे. विक्रेत्याला मालकांनी स्वतः फोन केला.

कूलंट एकट्याने गुन्हेगार नव्हते, म्हणून ते निर्दोष ठरत नाही. ब्रश सुधारल्यावर दात उडणे लगेच थांबले, परंतु कीस दातांना चिकटणे पूर्णपणे थांबले ते पंपाची धार मोकळी झाल्यावर आणि मिश्रण नऊ-दहा टक्क्यांवर स्थिर ठेवल्यावर. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचे, तेलात पाणी नाही, हे काकांना ठाऊक होते. प्रमाण मात्र रंगावरून ठरत असे. मालकांच्या मेहुण्यांची अंजनगावकडे संत्र्याची बाग आहे आणि फळाची गोडी मोजण्याचा त्यांचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर घरात पडून होता. तोच आता वर्कशॉपमध्ये आहे. त्यात ब्रिक्सचा, म्हणजे गोडीचा, जो आकडा दिसतो त्याला तेलाच्या डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणले की मिश्रणाची टक्केवारी मिळते. संत्र्यानंतर काच नीट पुसली पाहिजे, अशी ताकीद काकांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. पाणी आरओचेच लागते. ते विकत घेणे मालकांच्या जिवावर येते, म्हणून पावसाळ्यात शेडच्या पत्र्यावरचे पाणी साठवण्यासाठी एक टाकी बसवायचे ठरले आहे.

दातांच्या घनतेचा प्रश्न मात्र ब्रशइतका सोपा निघाला नाही. जॉबमध्ये एका वेळी साधारण ६ ते १२ दात असावेत आणि २४ हून जास्त कधीच नसावेत, असा ठोकताळा आहे. ४/६ चे ब्लेड ६० मिमीच्या राऊंडला उत्तम, त्यात बारा-एक दात राहतात. ११० मिमीच्या शाफ्टमध्ये तेच एकवीस-बावीस होतात, आणि प्रत्येक खाचेला ११० मिमीच्या वाटेवरचा कीस पोटात धरून बाहेर यावे लागते. अशा जाड कामाला ३/४ चे, मोठ्या खाचांचे ब्लेड योग्य. मालकांना ते पटले, पण एकाच दिवशी ४० मिमीची पिन आणि ११० मिमीचा शाफ्ट आला तर दर वेळी ब्लेड कोण बदलणार, हा काकांचा प्रश्न रास्त होता. तडजोड अशी निघाली की जाड राऊंड जमवून आठवड्यातील दोन दिवस कापायचे, त्या दिवशी ३/४ चढवायचे. हंगामात जिनिंगवाला दारात शाफ्ट घेऊन उभा असतो तेव्हा हा नियम मोडतो. मोडला तर निदान फीड थोडे कमी करून कूलंटची धार पूर्ण सोडायची, एवढे काका पाळतात. मध्येच वीज गेली तर, पूर्वीसारखे परत येताच बटण न दाबता, आधी ब्लेड छेदातून वर उचलून खाचा मोकळ्या करायच्या, हेही.

तिरपा छेद अडीच मिमीवरून अर्ध्या मिमीच्या आसपास आला आहे, शून्यावर नाही. कारण चालक चाकाच्या कडेवर, किसाने महिनोन्‌महिने दाबून केलेले खळगे आणि एक उथळ चर आता कायमचा आहे, आणि त्यावरून जाताना ब्लेड किंचित हलते. चाक ओतीव लोखंडाचे आहे. ते उतरवून त्याची कड लेथवर हलका कट घेऊन सरळ करावी लागेल. होळीनंतर जिनिंग बंद पडल्यावर ते काम धरायचे आहे. त्या चाकाचा व्यास वर्कशॉपमधल्या मोठ्या लेथच्या बेडवर जेमतेम मावतो. मालकांनी मापे घेऊन ठेवली आहेत, आणि न मावल्यास चाक अकोल्याला पाठवावे लागेल.